चेंडू पडतच नाही! (ॲनिमेशनचे प्राथमिक धडे)

गोंधळलेली रेघ

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

तीन महिन्यांपूर्वी ॲनिमेशन शिकायचं डोक्यात घेतलं. चित्रकला शाळेत होती तेवढीच, पण कॉम्प्युटरचं भय नाही. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. बारा तत्त्वांची यादी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून पाठही केली. स्क्वॉश अँड स्ट्रेच (चपटं होणं आणि ताणलं जाणं), अँटिसिपेशन, स्टेजिंग... झोपेतून उठवून विचारलंत तरी घडाघडा म्हणेन. मग सगळे सांगतात तो पहिला व्यायाम घेतला: टप्पा घेणारा चेंडू.

तिथेच गाडं अडलंय. टेबलाच्या कडेवरून चेंडू पडतो, टप्पा घेतो, परत वर येतो. पहिल्या फ्रेमला वर, पंचविसाव्या फ्रेमला जमिनीवर, एकोणपन्नासाव्याला पुन्हा वर. एवढ्या तीनच 'की' (चेंडू कुठे असावा ते आपण ठरवून दिलेल्या फ्रेम). जमिनीला लागला की चपटा होतो, तेही केलंय. तरी तो पडल्यासारखा वाटतच नाही. अदृश्य माणसाने हातात धरून अलगद खाली ठेवावा तसा उतरतो. भावाला दाखवला तर म्हणाला, "फुगा मस्त जमलाय."

बारांपैकी माझं नेमकं कुठलं तत्त्व राहिलं? आणि नवख्याने ही बारा कुठल्या क्रमाने घ्यायची?

आळशी कासव

फुगाच ठेवा की मग, चेंडूचा हट्ट कशाला? (पळतो.)

गंमत सोडा, मीही याच चेंडूपाशी दोनदा येऊन परत गेलोय. धाग्यावर ठाण मांडून बसतो.

त्रिज्या

मला ॲनिमेशनमधलं ओ की ठो कळत नाही, मी भौतिकशास्त्र शिकवते. पण आकडे दिसले आणि राहवलं नाही.

तुमचा चेंडू २४ फ्रेममध्ये खाली येतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हा पुरता एक सेकंद झाला. सोडून दिलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते, म्हणजे जवळजवळ दीड मजला. टेबल असतं पाऊण मीटर. तेवढं अंतर पडायला ०.३९ सेकंद लागतात, म्हणजे नऊ-साडेनऊ फ्रेम.

मग उलटा हिशेब केला, की पाऊण मीटर पडायला जवळपास सेकंदभर लागेल अशी जागा कुठली? चंद्र. तिथे गुरुत्वाकर्षण आपल्या साधारण एक षष्ठांश, आणि उत्तर येतं २३ फ्रेम. तेव्हा चेंडू ठीक आहे, त्याचा पत्ता चुकलाय.

टप्प्यांचंही सांगून ठेवते. प्रत्येक टप्प्याला उंची निम्मी होत असेल तर वेळ निम्मा होत नाही, सुमारे ०.७ पट होतो. तुमच्या टेबलावरून पडलेल्या चेंडूला पहिल्या टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत १३ फ्रेम लागतील, पुढे ९, मग ७, मग ५. हवेचा विरोध धरलेला नाही.

गोंधळलेली रेघ

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! त्रिज्याताई, दंडवत घ्या.

लगेच करून पाहिलं. २४ च्या ठिकाणी १० फ्रेम दिल्या. आता चेंडू लवकर खाली येतो, पण अजूनही ठेवल्यासारखाच. फरक इतकाच, की ठेवणारा घाईत आहे.

जुनाखोड

त्रिज्याताईंनी टायमिंग सांगितलं. किती वेळात पोचायचं, ते. राहिलं स्पेसिंग, म्हणजे त्या वेळात कुठल्या फ्रेमला चेंडू कुठे असेल. नवखी मंडळी हे दोन्ही एकच समजतात, कारण पाठ केलेल्या यादीत टायमिंग हा शब्द असतो आणि स्पेसिंग हा वेगळा शब्द नसतोच. तो 'स्लो इन, स्लो आउट'च्या (सुरुवातीला आणि शेवटी हळू) पोटात दडलेला असतो.

सॉफ्टवेअर बंद करा. कागद घ्या आणि १६ सेंटीमीटरची उभी रेघ ओढा. वरच्या टोकाला चेंडू. वरून १, ४, ९ आणि १६ सेंटीमीटरवर खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर एकेक चेंडू काढा. मधली अंतरं मोजा: १, ३, ५, ७. वरती चेंडू एकमेकांना चिकटलेले, खाली येता येता फाकत गेलेले. गुरुत्वाकर्षण कागदावर दिसतं ते असं. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरलं तर चार उड्यांच्या आठ फ्रेम होतात, तुमच्या नऊच्या अगदी जवळ.

आता त्याच रेघेशेजारी दुसरी रेघ ओढून तिच्यावर तुमच्या कॉम्प्युटरने काय केलंय ते मांडा. फ्रेमगणिक चेंडू कुठे आहे ते बघून खुणा करा. मी न बघताच सांगतो, वरती खुणा दाट, मध्ये विरळ, आणि जमिनीपाशी पुन्हा दाट. जमिनीजवळ येताना जो वेग कमी करतो तो चेंडू नव्हे, ती लिफ्ट.

मी लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या काचेवर शिकलो. पेगवर (कागद अडकवायच्या खुंट्यांवर) पाच कागद लावायचे, पाच बोटांत धरायचे आणि फडफडवून बघायचं. चूक डोळ्याआधी बोटांना कळायची. आज हे कोणाला सांगितलं तर म्हातारा पुराण सांगतोय म्हणतात, म्हणून आवरतो.

फिरकी

जुनाखोड काका, आवरू नका हो. +१.

रेघताई, आता हेच ब्लेंडरमध्ये. तुम्ही दोन 'की' दिल्यात तर मधल्या फ्रेम प्रोग्रॅम भरतो, आणि सहसा दोन्ही टोकांना हळू अशाच भरतो. चेंडू निवडून ग्राफ एडिटर उघडा आणि उंचीची रेषा बघा. लाटेसारखी दिसेल, वर गोल आणि खालीही गोल. खालचा तो गोल म्हणजेच तुमच्या भावाचा फुगा.

जमिनीवरची की निवडा, 'व्ही' कळ दाबा, यादीतून 'फ्री' घ्या. त्या कीच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या सुट्या होतील. दोन्ही वर ओढा, खाली टोकदार 'व्ही' अक्षर दिसेपर्यंत. वरच्या की गोलच राहू द्या. सगळे टप्पे झाले की रेषा कमानींच्या रांगेसारखी दिसली पाहिजे, प्रत्येक कमान आधीपेक्षा ठेंगणी आणि अरुंद. अरुंद करायला विसरू नका, त्रिज्याताईंचे १३, ९, ७, ५ तेच सांगतायत. मी पहिल्यांदा केलं तेव्हा उंची कमी केली पण वेळ सगळ्या टप्प्यांना सारखाच ठेवला. शेवटचे टप्पे पाण्याखाली चालल्यासारखे दिसत होते.

गोंधळलेली रेघ

काका, कागदावर खुणा केल्या. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, जमिनीपाशी शेवटच्या तीन खुणा एकमेकींना चिकटलेल्या!

पण आता एक शंका. 'स्लो इन, स्लो आउट' हे तर बारांपैकी एक तत्त्व आहे. मी ते पाळलं आणि म्हणूनच चेंडू बिघडला? मग तत्त्व चूक की काय?

शाईचा डाग

इथे माझं जुनं दुखणं वर आलं, थोडं लांबण लावतो.

मी एका वर्गाला जायचो. नाव घेत नाही. तिथे पहिले दोन महिने बारा तत्त्वं पाठ करून घेतली आणि शेवटी लेखी परीक्षा झाली. 'स्क्वॉश अँड स्ट्रेच म्हणजे काय, उदाहरणासह स्पष्ट करा, पाच गुण.' मला पाचपैकी पाच मिळाले. तोवर एकही चेंडू हलवला नव्हता.

ही यादी छापली गेली ती १९८१ साली. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन मुरलेल्या ॲनिमेटरांनी आपल्या पुस्तकात ती दिली. पण त्यातल्या गोष्टी त्या स्टुडिओत १९३० च्या दशकापासून घडत होत्या. माणसं काम करत होती, फसत होती, एकमेकांच्या चाचण्या बघत होती, आणि काय केलं की हालचाल जिवंत वाटते त्याला बोलता बोलता नावं पडत गेली. आधी काम, मग नाव. आपण उलटे निघतो, नावापासून. १९८७ मध्ये पिक्सार स्टुडिओच्या जॉन लॅसेटर यांनी सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत निबंध वाचला, की हातचित्रांची हीच तत्त्वं त्रिमित संगणक ॲनिमेशनलाही लागू पडतात. आज ते उघडच वाटतं, पण तेव्हा ते कोणीतरी मांडून दाखवावं लागलं.

तर तुमच्या शंकेचं उत्तर: ज्याला स्वतःहून थांबायचं असतं ते थांबताना हळू होतं. हात, मान, गाडी. चेंडूला जमिनीपाशी थांबायचं नसतं, जमीन त्याला आडवी येते. वर मात्र त्याचा वेग खरोखरच संपतो, म्हणून वर 'स्लो' बरोबर. कुठे हळू व्हायचं हे यादीत लिहिलेलं नसतं, ते वस्तूला विचारावं लागतं.

फिरकी

क्या बात! 'जमीन आडवी येते' हे वाक्य माझ्या टेबलावर चिकटवतेय.

याच मुद्द्यावर एक व्यायाम सुचवते. मी स्वतःसाठी शोधला होता. एक दार बंद होतंय, १६ फ्रेममध्ये. तीन वेळा करा, फ्रेम १६ च ठेवा, फक्त स्पेसिंग बदला. पहिल्यांदा सगळी अंतरं सारखी: यंत्राने बंद केल्यासारखं. दुसऱ्यांदा सुरुवात हळू आणि शेवटी अंतरं मोठी: कोणीतरी रागावून गेलंय. तिसऱ्यांदा सुरुवात झपकन आणि शेवटच्या सहा-सात फ्रेम अगदी बारीक: आत बाळ झोपलंय. पडद्यावर माणूस नाही, चेहरा नाही, नुसती एक आडवी-उभी चौकट, आणि तरी दाराआडचं माणूस कळतं. त्या दिवसापासून स्पेसिंग हे मला गणित न वाटता अभिनय वाटायला लागलं.

आळशी कासव

दार करून पाहिलं. तिसरं जमलं! बायको म्हणाली, "खऱ्या दारालाही हे शिकव."

गोंधळलेली रेघ

कासवराव, तुम्ही आळशी नाही आहात, नाव बदला.

चेंडू पडला!!! एकदाचा पडला. जमिनीवरची की टोकदार केली आणि एका क्षणात फुग्याचा चेंडू झाला. खरं सांगते, पंधरा-वीस वेळा तेच तेच चालवून बघत बसले.

व्हिडिओ इथे टाकलाय. पण चपटेपणाचं काहीतरी खटकतंय. रबरी चेंडूपेक्षा जेली वाटतो.

जुनाखोड

बघितला. दोन चुका आहेत, दोन्ही सगळ्यांच्या होतात.

एक, चेंडू जमिनीला लागायच्या दोन फ्रेम आधीपासूनच चपटा व्हायला लागलाय. त्याला पुढे काय होणार ते आधीच कळलं की काय? हवेत असताना, वेग जास्त आहे तिथे तो उभा लांबट हवा. जमिनीला टेकला त्या फ्रेमला लांबट, पुढच्या फ्रेमला चपटा, त्याच्या पुढच्या फ्रेमला उडताना पुन्हा लांबट. सर्वांत वर अगदी गोल. चपटेपणाचं आयुष्य एका फ्रेमचं, फार तर दोन.

दोन, चपटा होतो तेव्हा उंची निम्मी झालीय पण रुंदी तेवढीच राहिलीय. मग उरलेला चेंडू गेला कुठे? उंची कमी झाली की रुंदी वाढलीच पाहिजे, ऐवज तेवढाच राहिला पाहिजे. नाहीतर दर टप्प्याला चेंडूतली हवा जातेय आणि परत येतेय असं वाटतं.

आणि मुळात एवढा चपटा करायची गरज आहे का? हा रोग फार आहे. यादीत पहिलं नाव स्क्वॉशचं असतं म्हणून जो तो आधी तेच करतो. वजन मुख्यतः स्पेसिंगमधून येतं, चपटेपणा हा वरचा मसाला. आता तोच चेंडू लोखंडी गोळा म्हणून करा, आकार अजिबात न बदलता. टप्पा जेमतेम, आणि मग जमिनीवर घरंगळणं. ते पटलं तर पुढे चला.

फिरकी

काका, इथे मात्र माझा थोडा विरोध. लोखंडी गोळा हवाच, पण नवख्याला स्क्वॉशपासून लांब ठेवू नये. अतिरेक करून बघितल्याशिवाय बेताचं कुठे ते कळत नाही. मी मुद्दाम दुप्पट करते आणि मग मागे येते. शिवाय चेहऱ्याच्या कामात, गाल वर जातात, जबडा खाली येतो, तिथे हेच तत्त्व लागतं. ते फक्त चेंडूचं नाही.

जुनाखोड

चेहऱ्याचं मान्य. दुप्पट करून मागे यायचंही मान्य, मागे येत असाल तर. बहुतेक लोक दुप्पट करतात आणि तिथेच घर बांधतात.

त्रिज्या

मध्येच एक अडाण्यासारखं विचारते. यादीत 'सेकंडरी ॲक्शन' आणि 'फॉलो थ्रू' अशी दोन वेगळी नावं दिसली. दोन्हीकडे मला कोणाची तरी शेपटी हलताना दिसते. फरक काय?

शाईचा डाग

अडाणी अजिबात नाही, अनेक जाणकारही इथे घसरतात.

कुत्रा धावत येऊन थांबला. अंग थांबलं, कान पुढे जाऊन मागे आले, शेपटी सर्वांत शेवटी निवली. कुत्र्याने ती हलवली नाही, अंगामागून ओढली गेली. हा फॉलो थ्रू, आणि सगळे भाग एकाच फ्रेमला थांबले नाहीत हे ओव्हरलॅप. आता तोच कुत्रा बसून दाराकडे बघतोय आणि शेपटी आपटतोय. ही सेकंडरी ॲक्शन. मुख्य क्रिया वाट बघण्याची, शेपटी तिच्यात भर घालते, अधीर आहे ते सांगते. पहिली शेपटी भौतिकशास्त्राची, म्हणजे तुमची. दुसरी कुत्र्याच्या मनाची.

फॉलो थ्रूचा व्यायाम हवा असेल तर चेंडूला चार-पाच तुकड्यांची शेपटी लावा. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या दोन-तीन फ्रेम मागे. टोक सर्वांत उशिरा वळतं आणि सर्वांत उशिरा थांबतं.

आळशी कासव

अवांतर: मोबाइलवर व्हिडिओ काढून त्यावरून हालचाल शिकावी असं वाचलं, म्हणून स्वतःच्या उडीचा व्हिडिओ घेतला आणि फ्रेम बाय फ्रेम तसंच्या तसं केलं. पात्र उडी मारून खाली येईना. दोन दिवस डोकं फोडलं. मग लक्षात आलं, मोबाइल स्लो मोशनवर होता. त्रिज्याताईंच्या चंद्रावर माझंही घर झालं.

फिरकी

हहपुवा. आणि ३० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर २४ च्या फाइलमध्ये आणताना नीट बघा हो. ३० च्या ३० फ्रेम एकामागोमाग लावल्यात तर एका सेकंदाचं काम सव्वा सेकंदाला होतं. फरक थोडा असतो म्हणून सापडत नाही, नुसतं काहीतरी जड जड वाटत राहतं.

गोंधळलेली रेघ

धागा वर काढतेय, बारा दिवसांनी.

लोखंडी गोळा झाला. दार झालं. शेपटीचा चेंडू झाला, तो सर्वांत आवडला, उगाचच गोड दिसतो. भाऊ म्हणाला, "खार आहे का?" आता त्याच्या प्रतिक्रियेवरच मी पास-नापास ठरवते. न सांगता त्याने लोखंडी गोळ्याला "जड" म्हटलं, तेव्हा कळवणार होते पण मोह आवरला.

क्रमाचा माझा मूळ प्रश्न आता मलाच विनोदी वाटतो. पाठ केलेल्या बारांपैकी सात तरी या एका चेंडूत भेटले, विचारलेल्या क्रमाने कुणीच आलं नाही.

नवीन रडगाणं. हावरटपणा करून चालीला हात घातला. फुकटचं साधं पात्र घेतलं, दोन पाय आणि धड. एका पावलाला १२ फ्रेम, चार मुद्रा: टाच टेकते, अंग खाली जातं, एक पाय दुसऱ्याला ओलांडतो, अंग वर येतं. आरशासमोर चालून चालून शेजाऱ्यांना शंका आली असेल. मुद्रा नीट दिसतात. पण जागच्या जागी चालवून, मग पात्राला पुढे सरकवलं की पाय बर्फावरून घसरतात. टेकलेला पाय कधी पुढे सटकतो, कधी मागे. ग्राफमध्ये कमानी वगैरे सगळं गोंडस केलंय.

जुनाखोड

गोंडस केलंत तिथेच गडबड आहे.

जमिनीला टेकलेला पाय जागच्या जागी चालताना मागे सरकतो, बरोबर? खरं तर पाय जागीच आहे, जमीन मागे चाललीय. जमीन कधी हळू, कधी जलद जात नाही. म्हणून पाय टेकलेला आहे तेवढ्या फ्रेमपुरती मागे जाण्याची अंतरं अगदी सारखी हवीत. तिथे स्लो इन नाही, स्लो आउट नाही, सरळ तिरकी रेघ. पाय उचलला की मग हवेत हव्या तेवढ्या कमानी करा.

फिरकी

आणि ती सरळ रेघ दर फ्रेमला किती अंतर मागे जाते ते मोजा. पात्राला पुढे सरकवायचा वेग नेमका तेवढाच द्या, आणि तोही सरळ रेघेत. तुम्ही पात्राच्या पुढे जाण्याला दोनच की दिल्या असतील ना, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमला?

गोंधळलेली रेघ

हो, दोनच.

अगं बाई. म्हणजे पात्रही लिफ्टमध्येच आहे.